चर्चच्या चौदा एकरांचा दरवर्षी लिलाव होतो आणि जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) होत चाललीय. करार आणि जमीन, दोन्ही कसं सुधारायचं?

मंडळीचा खजिनदार

जय ख्रिस्त, नमस्कार.

नेवासा तालुक्यात मुळा उजव्या कालव्याखाली चर्चची १४ एकर जमीन आहे, तीन तुकड्यांत. चारीच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) खालच्या अंगाला ६ एकर भारी काळी, मधे ५ एकर मध्यम आणि वर माळाला ३ एकर मुरमाड. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं, पण मचूळ. दर पाडव्याला लिलाव होतो आणि ज्याची बोली जास्त त्याला जमीन वर्षभर खंडाने मिळते. करार शंभराच्या स्टॅम्पवर, सही स्थानिक कमिटीची. आठ वर्षं खालच्या सहा एकरांत ऊस, खोडवा (तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेलं पीक), पुन्हा ऊस असंच चाललंय. पाचट दरवर्षी पेटवलं जातं, शेणखताची ट्रॉली कोणी आणत नाही. एकरी उतारा ४५ टनांवरून २८ वर आलाय. चारीलगतच्या अडीच एकरांत वाळलं की पांढुरकी पापडी धरते आणि पाऊस पडला की चिखल आठ-आठ दिवस हटत नाही.

त्या अडीच एकरांचा माती अहवाल: सामू (पीएच) ८.७, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.९, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १९ टक्के, धनभार विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियम वगैरे धरून ठेवायची मातीची ताकद) ५२. चुनखडी भरपूर. विहिरीच्या पाण्यात आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट-बायकार्बोनेट) ३.१. कालव्याचं पाणी चांगलं आहे.

प्रश्न असे. करार एका वर्षाऐवजी जास्त मुदतीचा केला तर कसणारा कूळ लागेल का, म्हणजे कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल का? जिप्सम किती आणि कधी टाकायचं? माळाच्या तीन एकरांत नीलगिरी लावा असं काही जण म्हणतात, ते योग्य आहे का? आणि मंडळीतली वडीलधारी माणसं बायबलमधलं लेवीय २५ दाखवून म्हणतात की सातव्या वर्षी जमीन पडू द्या. ते शेतीच्या हिशेबाने कसं बसवायचं?

फेरफार

खजिनदार साहेब, आधी कागद. कागद कच्चा असेल तर जिप्समवर घातलेले पैसे दुसऱ्याच्या जमिनीत जातील.

पहिलं काम म्हणजे सातबारा, फेरफार आणि धर्मादाय कार्यालयातला पीटीआर (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा शेजारी शेजारी ठेवून वाचा. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून आहे. त्यामुळे अनेक जमिनी जुन्या मिशनच्या किंवा तिच्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहेत, आणि वापरणारी मंडळी नंतर १९७० साली उत्तर भारतीय चर्चमध्ये आली. मंडळ्या एक झाल्या म्हणून ट्रस्टची मिळकत आपोआप एका नावावरून दुसऱ्या नावावर जात नाही. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितलं. ठराव करून मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावर ज्या ट्रस्टचं नाव आहे त्याच ट्रस्टच्या नोंदलेल्या विश्वस्तांनी, किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या माणसाने करारावर सही केली पाहिजे. स्थानिक कमिटीची सही एवढ्यावर चाललेला करार कोर्टात उभा राहत नाही. विश्वस्त बदलले असतील तर कलम २२ प्रमाणे बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो राहिला असेल तर आधी तो उरका.

आता कुळाचं. तुमच्या भागाला १९४८ चा कूळकायदा लागतो (मराठवाडा आणि विदर्भाचे कायदे वेगळे आहेत, तिकडच्या वाचकांनी हे जसंच्या तसं उचलू नये). त्यात कलम ४ म्हणतं की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाईल. मुदत एक वर्ष असो की पाच, त्याने फरक पडत नाही. दरवर्षी लिलाव केला म्हणजे आपण सुरक्षित, हा गैरसमज आहे. संरक्षण मिळतं ते कलम ८८-ब मधून: सार्वजनिक उपासनेच्या संस्थेची जमीन, ट्रस्ट नोंदणीकृत, आणि जमिनीचं सगळं उत्पन्न ट्रस्टच्याच कामाला लागत असेल, तर खरेदीहक्काच्या कलमांतून सूट. त्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावं लागतं. तुमच्याकडे ते आहे का ते शोधा, जुन्या फायलीत पिवळा पडलेला कागद असू शकतो. नसेल तर अर्ज करा, आणि ते हातात येईपर्यंत नवा करार करू नका.

«सगळं उत्पन्न» हे शब्द जपा. खंड रोखीने घेतला, पावती नाही, थोडा इकडे थोडा तिकडे, असं झालं की सुटीचा पाया ढासळतो. खंड बँकेतून, ट्रस्टच्या खात्यावर, ट्रस्टच्या पावतीने.

मुदतीबाबत: धर्मादाय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे शेतजमिनीचा पट्टा १० वर्षांपेक्षा जास्त द्यायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत असेल तर ही मर्यादा ३ वर्षांची. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना तर लागतेच. पाच वर्षांचा पट्टा या मर्यादेत आरामात बसतो. मात्र «पाच अधिक पाच अधिक पाच, आपोआप नूतनीकरण» असलं कलम घालू नका. तो दहाच्या वरचाच पट्टा ठरतो. एक वर्षाच्या वरचा पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. शंभराचा स्टॅम्प आणि नोटरी त्याला पुरत नाही.

आणखी एक. «अर्धेलीने देऊ, म्हणजे जमीन आपणच कसतो असं दाखवता येईल» असं कोणी सुचवेल. कूळकायद्यात स्वतः कसणं म्हणजे मजुराला रोख किंवा वस्तुरूपाने मजुरी देऊन, स्वतःच्या देखरेखीखाली. पिकाचा वाटा दिला की ते स्वतः कसणं राहत नाही. त्यापेक्षा ठरावीक रोख खंडच सरळ.

काळी कसदार

अहवाल नीट काढलाय, त्यामुळे बोलता येतं. ईसी ४ च्या खाली, सामू ८.५ च्या वर, सोडियम १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे ही क्षारपड नाही, चोपण जमीन आहे. क्षारपड जमिनीला निचरा आणि पाणी दिलं की क्षार धुऊन जातात. चोपण नुसती धुतली तर आणखी बिघडते, कारण उरलेले थोडे क्षारही जातात आणि सोडियमने मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. म्हणूनच तुमचा चिखल आठ दिवस हटत नाही.

जिप्समच्या आधी निचरा. जिप्सममधला कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्यासोबत खाली जायला हवा. खाली वाटच नसेल तर तो पुढच्या उन्हाळ्यात पापडी बनून वर येतो. निचरा किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. दोन इंची पीव्हीसी पाइप अडीच मीटरचा घ्या, खालच्या एक मीटरला चार-पाच इंचांवर भोकं पाडा, नायलॉन जाळी गुंडाळा, गिरमिटाने दोन मीटर खोल भोक घेऊन त्यात उभा करा, भोवती बारीक खडी भरा, वर टोपण लावा. अडीच एकरांत असे तीन पाइप पुरतात: एक चारीजवळ, एक मधे, एक नाल्याकडे. दर पंधरा दिवसांनी टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. कालव्याचं आवर्तन (पाणी सोडायची पाळी) चालू असताना पाणी एक मीटरच्या आत येत असेल आणि आवर्तन संपल्यावर उतरत असेल, तर तुमचा अर्धा रोग चारीच्या पाझराचा आहे. मग चारीपासून पाच-सहा मीटरवर, तिला समांतर, सव्वा मीटर खोल चर काढून तो नाल्याला सोडा. या एका चराने बराच फरक पडतो आणि तो सर्वांत स्वस्त आहे.

त्यानेही पाणी हटलं नाही तर भूमिगत निचरा. ८० मिलिमीटरचे सच्छिद्र पाइप, जाळीचं आवरण असलेले, एक ते सव्वा मीटर खोल, दोन ओळींत २५ मीटर अंतर. एकरी सुमारे १६० मीटर पाइप लागतो, अडीच एकरांना ४०० मीटर, मुख्य पाइप वेगळा. उतार १०० मीटरला २० सेंटिमीटर. इथे चूक होते ती तोंडाशी: नाल्याची पावसाळी पातळी पाइपाच्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं शेतात शिरतं. नाल्यातल्या पुराच्या खुणा बघूनच तोंडाची उंची ठरवा, आणि तेवढी उंची मिळत नसेल तर तोंडाशी खड्डा खोदून पंप बसवा.

आता जिप्समचा हिशेब. सोडियम १९ वरून १० टक्क्यांवर आणायचा, म्हणजे ५२ च्या ९ टक्के, साधारण ४.७ एकक (क्षमतेच्याच मापात). वरच्या १५ सेंटिमीटर थरात दर एककाला एकरी ०.६८ टन शुद्ध जिप्सम लागतं. म्हणजे ३.२ टन. बाजारातलं ८० टक्के शुद्ध धरलं तर ४ टन. हे सगळं एकदम टाकू नका, आणि कारण साधं आहे. जिप्सम पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. दोन टनांना एकरी ८०० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे जमिनीत मुरलेला २०० मिलिमीटर पाऊस. नेवाशासारख्या कमी पावसाच्या भागात वाहून जाणारं आणि बाष्पीभवनाचं वजा करून एका पावसाळ्यात एवढंच मुरतं. म्हणून या वर्षी एकरी २ टन, पुढच्या वर्षी पुन्हा माती तपासून उरलेलं.

मेच्या शेवटी पसरा, रोटाव्हेटरने चार-पाच इंचांत मिसळा. खोल नांगरट करून गाडू नका, तसं केलं तर तेच जिप्सम दुप्पट मातीत विखुरतं. मग शेताचे वाफे बांधून पहिले पाऊस आत मुरू द्या. जूनमध्ये धैंचा, एकरी २० किलो बी. ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर यायच्या आत, गाडा. उशीर झाला तर खोड लाकडी होतं आणि रब्बीच्या पेरणीपर्यंत कुजत नाही. धैंचा कुजताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो तुमच्याच मातीतली चुनखडी थोडी विरघळवतो, म्हणजे घरचाच कॅल्शियम मिळतो. चुनखडी भरपूर आहे म्हणून जिप्समऐवजी गंधकही चालतं. एक टन जिप्समला १८६ किलो गंधक पुरतं, पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला ओल आणि दोन-तीन महिने लागतात, तेव्हा घाईच्या कामाला ते नको. साखर कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) एकरी चार-पाच टन मिळाली तर जरूर घाला. ताजी, गरम मळी पेरणीच्या तोंडावर टाकू नका.

रब्बीत त्या अडीच एकरांत गहू घ्या. हरभरा, तूर, मूग या जमिनीत पिवळे पडून बसतात. लोक «द्विदल घेतलं की जमीन सुधारते» म्हणून हरभरा पेरतात आणि बियाण्याचेही पैसे निघत नाहीत. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरा, झिंक सल्फेट एकरी १० किलो शेणखतात मिसळून द्या.

विहिरीच्या पाण्याकडे लक्ष द्या, कारण तीच पुन्हा रोग आणेल. आरएससी अडीचच्या वर म्हणजे ते पाणी भारी जमिनीला नकोच. चोपण पट्ट्याला फक्त कालव्याचं पाणी. इतर ठिकाणी विहिरीचं द्यावंच लागलं तर आरएससी दोनने उतरवायला दर घनमीटरला १७२ ग्रॅम जिप्सम लागतं. पाच सेंटिमीटरच्या एका पाळीला एकरी साधारण ३५ किलो. दांडाच्या वाटेवर छोटा हौद बांधून त्यात जिप्समचे खडे भरले आणि पाणी त्यावरून काढलं की हे आपोआप होतं. भुकटी चालत नाही, ती गाळ होऊन बसते.

मंडळीचा खजिनदार

दोघांचे आभार. ८८-ब चा कागद १९६० च्या दशकातल्या फायलीत सापडला, पण त्यात दोनच गट नंबर आहेत, माळाचा गट नाही. आणखी विचारतो. ऊस बंद केला तर खंड निम्मा येईल, कमिटी त्याला कशी तयार होईल? आणि करारात «सेंद्रिय कर्ब दरवर्षी ०.१ टक्का वाढवला पाहिजे, नाहीतर अनामत जप्त» असं कलम घालायचा विचार आहे. बरोबर आहे का?

काळी कसदार

कर्बाचं कलम घालू नका. हिशेब बघा. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये सुमारे ७९० टन माती असते. ०.१ टक्का वाढ म्हणजे ७९० किलो कर्ब कायमचा मुरवायचा. पाच टन शेणखत, निम्मं पाणी वजा जाता, कर्ब साधारण पाचशे-साडेपाचशे किलो. त्यातला पाऊण हिस्सा आपल्या उन्हात वर्षभरात उडून जातो, टिकतो सव्वाशे-दीडशे किलो. म्हणजे दरवर्षी एकरी पाच टन खत टाकूनही ०.१ टक्क्याला पाच-सहा वर्षं लागतील. चांगल्या शेतकऱ्याचीही अनामत पहिल्याच वर्षी जप्त होईल आणि तो पळून जाईल. शिवाय एकाच शेतातून आज आणि महिन्याने काढलेल्या नमुन्यांत ०.०५ चा फरक नुसत्या हाताने पडतो.

अनामत दिसणाऱ्या कामाशी बांधा: पाचट पेटवलं का, खताच्या ट्रॉल्या किती आल्या, धैंचा गाडला का, चर साफ आहे का, खोडवे किती घेतले. हे गावातल्या कोणालाही डोळ्यांनी दिसतं, भांडण होत नाही. कर्ब मोजा जरूर, पण मंडळीच्या माहितीसाठी: पाच वर्षांच्या सुरुवातीला आणि शेवटी, त्याच जागांवरून, त्याच प्रयोगशाळेत.

बांधकाठ

खंडाबद्दल. लिलावात येणारी बोली हा जमिनीचा खंड नसतो, त्यात जमिनीच्या भांडवलाचा तुकडा मिसळलेला असतो. एका वर्षासाठी आलेला माणूस शेणखत का टाकेल? खताचा फायदा तीन वर्षं मिळतो, त्यातली दोन वर्षं दुसऱ्याची. तो त्याच्या जागी बरोबर वागतोय, चुकतोय तो करार. ४५ टनांचे २८ झाले म्हणजे पुढच्या काही पाडव्यांत बोली तशीही निम्मी होणारच आहे, हे कमिटीपुढे आकड्यांनी ठेवा.

वाटणी अशी करा की जे जमिनीत कायम राहणार ते चर्चने करायचं: निचरा, जिप्सम, बांध, विहीर. जे पिकासोबत जातं ते कसणाऱ्याने: खत, बी, मशागत. चोपण अडीच एकरांचा पहिली दोन वर्षं खंड नाममात्र ठेवा, बदल्यात धैंचा आणि मिसळणी त्याची. बाकीच्या जमिनीचा खंड तिसऱ्या वर्षी ठरलेल्या टक्क्याने वाढेल हे करारातच लिहा. लिलाव बंद करून बंद पाकिटात प्रस्ताव मागवा, आणि रकमेसोबत प्रत्येकाकडून पाच वर्षांची पीक-पाळी लेखी घ्या.

ऊस पूर्ण बंद करायची गरज नाही. खालच्या तुकड्यातल्या चांगल्या साडेतीन एकरांपैकी एका वेळी दीड-दोन एकरांतच ऊस, तोही ठिबकवर, लागण आणि एकच खोडवा, मग सोयाबीन-हरभरा किंवा सोयाबीन-गहू, मग दुसऱ्या भागात ऊस. पाचट एकरी तीन-चार टन निघतं. ते एकाआड एक सरीत दाबा आणि दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. युरिया न टाकता नुसतं झाकलं तर खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो, कारण कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः घेतात. हे पाहून शेतकरी म्हणतो «पाचटाने ऊस बसतो», आणि पुढच्या वर्षी काडी लावतो.

मधल्या पाच एकरांत खरिपाला बाजरी अधिक तूर, दोन ओळी बाजरी एक ओळ तूर. ज्या भागात खरीप घेणार नाही तिथे ओल साठवून रब्बी ज्वारी, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, एकरी ४ किलो बी. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्या: मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, हलकीला फुले अनुराधा. हलक्या जमिनीत वसुधा पेरली की पोटरीत येताना ओल संपते आणि कणीस बाहेरच पडत नाही.

माळाचे तीन एकर. नीलगिरी नको. पट्टा पाच वर्षांचा आणि झाडं त्यापुढची, त्यामुळे तोडीच्या वेळी मालकीचं भांडण ठरलेलं. शिवाय खाली पीकच येत नाही. हे तीन एकर पट्ट्यातून वगळा आणि चर्चने मजुरीने स्वतः कसावेत. ८८-ब मध्ये हा गट नाही, म्हणजे तो दुसऱ्याला कसायला देणं तसंही धोक्याचं. सीताफळ पाच बाय पाच मीटरवर, एकरी १६० झाडं. खड्डे दीड बाय दीड फूट, उन्हाळ्यात काढून तापू द्यायचे, दोन पाट्या शेणखत, अर्धा किलो सुपर फॉस्फेट. पहिली तीन वर्षं मधल्या पट्ट्यात मटकी, हुलगा. उताराला आडव्या समपातळीच्या चऱ्या, दर १०-१२ मीटरवर. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), एक मीटरवर एक, वर्षातून तीन छाटण्या करून पाला झाडांच्या आळ्यांत टाकायचा. सुबाभूळ लावू नका, बी पडून शेजाऱ्याच्या रानात जातं.

शेततळ्याचा विषय निघेलच. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, बाजूंचा उतार एकास एक धरला तर सुमारे २२ लाख लिटर बसतात. एका एकराला पाच सेंटिमीटरची पाळी म्हणजे २ लाख लिटर, तेव्हा उन्हाने उडणारं धरून आठ-नऊ एकरांना एक संरक्षक पाळी. माळावरून वाहणारं पाणी धरणार असाल तरच करा. विहिरीचं मचूळ पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवलं तर उन्हाने आटून ते आणखी खारट होतं.

आता लेवीय २५. त्या अध्यायात सगळी भूमी एकाच वर्षी थांबते. तुमच्या काळ्या रानात एक वर्ष नुसतं पडीक ठेवलं तर कुंदा आणि हरळी माजते, नंतर तीन वर्षं खुरपणीत जातात. उघडी काळी माती भेगाळून ओलही जाते. जमिनीला खरी विश्रांती झाकलेली असताना मिळते. तुमच्याकडे १४ एकर आहेत. त्याचे सात भाग केले तर दोन-दोन एकर. दरवर्षी एका भागातून विक्रीचं पीक काढायचं नाही, तिथे ताग किंवा धैंचा, नंतर शेळ्या-मेंढ्या बसवायच्या. सात वर्षांत सगळ्या जमिनीची पाळी येते आणि खंड एकदम बुडत नाही. पहिला भाग म्हणून चोपण पट्टाच घ्या. लेवीय १९ मध्ये शेताचे कोपरे गरिबांसाठी ठेवायला सांगितलंय, तेही करारात उतरतं: बांधावरचं गवत आणि गिरिपुष्पाचा पाला मंडळीतल्या भूमिहीन शेळीवाल्यांना फुकट, कसणाऱ्याने अडवायचं नाही.

खाजनकाठ

गोव्याहून एक भर. इथे चर्चच्या मिळकती फाब्रिक ही चर्चची समिती सांभाळते आणि बरीच भातशेती खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल रानात आहे. खाजनात बांध आणि मानस, म्हणजे भरती-ओहोटीचं दार, एकाच्या शेतापुरते नसतातच. एकाने मानसाची फळी वेळेवर टाकली नाही की खारं पाणी सगळ्यांच्या भातात. म्हणून इथे बांधाचा खर्च शेतकरी संघटनेमार्फत सगळ्यांवर बसतो. तुमचा चर आणि नाला हेही तसंच आहे. चारीचा पाझर शेजारच्या रानातही जात असणार. एकट्या चर्चने चर काढून पाणी खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर सोडलं तर पहिल्या पावसात तक्रार येईल. खालच्या सगळ्यांना घेऊन नाल्यापर्यंत एकच चर काढा, लांबीच्या प्रमाणात खर्च वाटा, दरवर्षी मेमध्ये गाळ कोण काढणार हे लिहून ठेवा.

आणि बी जपा. खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताला भौगोलिक मानांकन मिळालं, पण जिथे शेतं पडीक राहिली तिथे बीही गेलं. करार करताना स्थानिक वाणाचं बी दरवर्षी थोडं चर्चकडे जमा करण्याची अट घालता येते. तुमच्याकडे ज्वारी-बाजरीच्या जुन्या वाणांसाठी ती घाला. कापणीच्या सणाला कणसं वेदीपाशी येतातच, त्यातलीच निवडून ठेवायची.

फेरफार

माळाचा गट ८८-ब मध्ये नाही हे लवकर कळलं ते बरं. त्यासाठी पुरवणी अर्ज करा, आणि बांधकाठ यांनी म्हटलंय तसं तोवर मजुरीनेच कसा. मजुरीच्या पावत्या, ट्रॅक्टरच्या भाड्याच्या पावत्या, रोपांची बिलं, सगळं ट्रस्टच्या नावाने ठेवा. दहा वर्षांनी कोणी म्हणाला «मी कसत होतो», तर उत्तर त्या पावत्याच देतात.

ई-पीक पाहणी दर हंगामाला ट्रस्टने करायची. ती राहिली तर सातबाऱ्यातल्या बाराच्या रकान्यात रान कोरं दिसतं आणि दुसऱ्याने काहीही सांगायला वाट मोकळी होते. पीकविमाही तपासत चला. देवस्थानच्या आणि सरकारी जमिनींवर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणं राज्यात उघड झाली आहेत. कसणाऱ्याला विमा घ्यायचा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तेव्हा पट्टा नोंदवण्यात त्याचाही फायदा आहे, हे त्याला सांगा. पीएम-किसानसाठी मात्र ट्रस्टच्या जमिनीवर अर्ज करू नका. संस्थात्मक जमीनधारक त्या योजनेतून वगळलेले आहेत, आणि चुकून पैसे आले तर वसुली निघते.

कालव्याच्या पाण्याचा सात नंबरचा अर्ज कोण भरणार आणि पाणीपट्टी कोण देणार हे करारात लिहा. दर आवर्तनानंतर पावतीची प्रत ट्रस्टकडे आली पाहिजे, नाहीतर अनामतीतून कापायची. पट्टा संपताना उभा ऊस असेल तर काय? हे एक कलम विसरलं की पाच वर्षांचे सहा होतात. लिहा की शेवटच्या वर्षी नवी लागण आणि आडसाली (दीड वर्षाचा ऊस) घ्यायची नाही, फक्त हंगामी पीक, आणि ३१ मार्चला रान मोकळं करून ताबा पावतीवर सही.

काळी कसदार

पुढच्या नमुन्यासाठी एवढं लक्षात ठेवा. चोपण पट्ट्याचा नमुना एकाच खोलीचा घेऊ नका. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन वेगळे घ्या, एप्रिलमध्ये, पापडी उठलेली असताना. वरचा थर सुधारला आणि मधल्या थरात सोडियम वाढलेला दिसला तर निचरा कमी पडतोय. तिन्ही थरांत उतरला तरच दुसऱ्या वर्षीचं जिप्सम टाका.